लुसुंगुची आई

लिलोंग्वे,
३ एप्रिल १९९९

ती. तोवेराताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. निवडणुकीच्या धामधुमीत धड जेवायला सवड नाही. साहेबांची भाषणं आता मीच लिहितो! लहानपणी मला बडबड्या म्हणायचीस ना? तीच बडबड कामी आली बघ.

येत्या शनिवारी आमची सभा तुमच्या म्पालेनीच्या मैदानावर आहे. लुसुंगु गेल्यापासून तू घराबाहेर पडलेली नाहीस, असं शेजारच्या न्यागोंडवेमावशींनी कळवलंय. त्यांना सोबत घे आणि जा. मत कुणालाही दे, पण भावाचे शब्द लोक कसे ऐकतात ते एकदा बघ. मला मात्र इथंच थांबावं लागेल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
खुंबो

---

म्पालेनी,
११ एप्रिल

चि. खुंबोस,
अनेक आशीर्वाद.

सभेला गेले होते. न्यागोंडवेनं मला ओढत नेऊन मंचासमोर बसवलं. साहेबांचं चित्र छापलेलं कापड बायांना वाटत होते; तिनं भांडून दोन मिळवली आणि एक माझ्या कमरेला गुंडाळलं. ढोल होते, नाच होता. ऊन रणरणत होतं, तरी खरं सांगते, पाच महिन्यांत पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं. माझा खुंबो एवढा मोठा झाला, असं सारखं मनात येत होतं.

मग साहेब उठले. म्हणाले, तुमच्याच गावची लुसुंगु, वय एकोणीस, बाळंतपणात अडली. दवाखान्याच्या गाडीत पेट्रोल नव्हतं. आईनं बैलगाडीत घातली. वाटेत पोर आईला विचारत होती, मी तुला फार त्रास देतेय का गं. हे म्हणताना त्यांनी बारीक, रडवा आवाज काढला. लोक हळहळले, आणि मग टाळ्या वाजल्या. न्यागोंडवेनंही वाजवल्या.

खुंबो, हे ती माझ्या कानात बोलली होती. मी तिच्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. एकटीला पेलवेना म्हणून फक्त तुला लिहिलं होतं.

कापड सोडून तिथंच टाकलं आणि घरी आले. आता तूच सांग, काय केलंस ते.

तोवेराताई

---

लिलोंग्वे,
१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारायला हवं होतं, कबूल. पण तू नाहीच म्हणाली असतीस. माझी भाची होती ती, मला काय दुःख नाही? तिचं मरण वाया जाऊ नये, एवढंच मनात होतं. साहेब निवडून आले तर दवाखान्याच्या गाडीत पेट्रोल असेल, पुढच्या पोरी वाचतील.

आणखी एक. १ मेला म्झुझूला मोठी सभा आहे. लुसुंगुची आई मंचावर हवी, असं साहेब म्हणतात. बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं. सकाळी गाडी पाठवतो. मीही मंचावर असेन. साहेबांना शब्द देऊन बसलोय, मला तोंडघशी पाडू नकोस.

राग सोड, जीव लाव.
खुंबो

---

म्पालेनी,
३ मे

खुंबो,

गाडी आली होती. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला, मी दार उघडलं नाही. मग तो न्यागोंडवेच्या अंगणात गेला. थोड्या वेळानं ती नवं कापड नेसून गाडीत बसताना दिसली. मला वाटलं, सभा बघायला निघाली.

काल दुपारी रेडिओवर ती सभा लावली होती. लुसुंगुची आई मंचावर येत आहे, असं सांगितलं. बाई हुंदके देत होती. तो आवाज मी ओळखला. बावीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आम्ही. मग तुझा आवाज आला. तू तिला सांभाळून चढ म्हणालास. ताई म्हणालास.

न्यागोंडवे येऊन पाया पडली. म्हणाली, गाडी रिकामी आणू नको, कुणीही बाई चालेल, असा तुझाच निरोप होता. रडू मात्र खरंच आलं, असंही म्हणाली. लुसुंगुला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं, तेव्हा आलं असेल. तिला मी चहा दिला.

आता गावातली पोरं तिलाच लुसुंगुची आई म्हणतात. मला पत्र पाठवू नकोस. मी तुला काही लिहिणार नाही. लिहिलेलं कुठं कुठं जातं, ते कळलं.

लोभ होता.

तोवेरा