जाड पुस्तकच घेजो

साजाटोला, ता. गोंदिया
२ डिसेंबर

चि. प्राचीस, आजीचा जयभीम व अ. आ.

कॉलेजात पोरीयले शिकवतं आन घरचं सारं विसरतं! नागपूरचे फुटाणे पाठवतो म्हणून गेली, तर फुटाणेबी नाहीत आन तूबी नाही. फोनवर तू रडतं, मग मले बोलता येत नाही, म्हणून तुझ्या रश्मीकाकूले लिहाले बसवलं.

परवा सरपंचाच्या मतदानात आपल्याले मारलं. आपली कुसुमबाई सरपंचाले उभी आहे, ते समोरच्या पार्टीच्या उदारामले सहन होऊन नाही राहिलं. आमची रांग लांब दिसली तसे त्याचे लोक लाठ्या आन कुऱ्हाडीचे दांडे घेऊन शाळेत घुसले. कुसुमबाईच्या नवऱ्याचं, दसरूचं डोकं फोडलं. रक्त उडालं ते फळ्यावरच्या सुविचारावर. तुझा बाप मताची मशीन वाचवाले तिच्यावर पालथा पडला. मशीनबी मोडली आन त्याचा हातबी. आता माझा सेवकराम फुलचूरले तुझ्या आत्याच्या घरी प्लास्टर मिरवून राहिला.

आठ तारखेले पुन्हा मतदान आहे. उदाराम दारात येऊन सांगून गेला, म्हातारीनं कायले यावं, एका मतानं काही होत नाही. मी त्याले चहा पाजला. शेजारी आहे.

लोभ ठेवजो, आठवण त्याहून जास्त.
तुझी आजी, धनवंता


नागपूर
५ डिसेंबर

ती. आजीस, सविनय जयभीम.

बाबांना फुलचूरला भेटून आले. झोपेत अजून हात वर करतात, कोणीतरी मारायला आल्यासारखा.

माझ्यापुढे इथे वेगळाच पेच आहे. अमेरिकेचं शासन आणि राजकारण शिकवायला एक पुस्तक निवडून द्यायचं आहे. एक पातळ आहे : राष्ट्राध्यक्ष, दोन सभागृहं, न्यायालय, सगळं चौकटीत नीट. दुसरं जाड. त्यात मत मागणाऱ्या काळ्या लोकांना चाबकाने फोडल्याचं आहे, घरं जाळल्याचं, झाडाला टांगल्याचं आहे. वाचता येत नाही म्हणून लोकांना मतदार यादीत घेतच नसत, तेही आहे. आमचे विभागप्रमुख खुशाल सर म्हणतात, हे परीक्षेला येत नाही आणि मुली घाबरतात. माझी नोकरी तासिकेवरची, सरांच्या मर्जीतली. आणि बाबांना पाहिल्यापासून ती पानं मलाच उघडवत नाहीत. पातळ पुस्तकावर सही करून टाकते.

आजी, हात जोडते, आठ तारखेला जाऊ नकोस. तुझ्या एका मताने काही होत नाही.

तुझी माया अशीच राहो.
तुझी प्राची


साजाटोला
९ डिसेंबर

चि. प्राचीस, जयभीम व अ. आ.

तुझं पत्र मतदानाच्याच सकाळी आलं. रश्मीनं वाचलं तवा मले वाटलं उदारामच बोलून राहिला. त्यालेबी माझी लई काळजी.

आम्ही बाया एकमेकींचा पदर धरून गेलो. शाळेच्या फाटकापाशी उदारामच्या पोरानं, टिंकूनं लाठी फिरवली. आमच्या संगतच्या भूमिकाच्या खांद्याचं हाड निघालं, ती तिथंच बसली. दुसरी लाठी माझ्या तोंडावर आली. तोंडभर रक्त घेऊन मी रांगेत लागली. पोलीस दवाखान्यात नेतो म्हणे. मी त्याले सांगितलं, आधी बटन, मग दवाखाना. पहिल्या बोटाची शाई निघाली नव्हती, म्हणून यावेळी मधल्या बोटाले लावली. रजिस्टरात अंगठा उमटवला तर शाईसंगं रक्तबी उमटलं. साहेबानं कागद पुसला.

आता तुझं पुस्तक. वाचता येत नाही म्हणून मत नाही, तर पोरी, तिथं मलेबी हाकललं असतं. बाबासाहेबानं मले अक्षर विचारलं नाही. पातळ पुस्तकात मी कुठं उभी राहू? जाड पुस्तकच घेजो. पोरी घाबरतील तर घाबरू दे, काल आम्हीबी थरथर कापत होतो. तुझ्या सरले सांगजो, परीक्षेले येत नसंल, मतदानाले येते. त्यानं तुले काढलं तर घरी ये, इथं बसून शिकव.

निकाल उद्या. जीव लावून राहजो.
तुझी आजी, धनवंता

ता. क. फुटाणे विसरली ते बरंच केलं. माझे समोरचे दात फाटकापाशीच राहिले. संत्राबर्फी पाठवजो, मऊ पाहून. भूमिकासाठीबी एक डबा.