शुक्रवारची पिशवी

चामोर्शी,
रविवार, ९ जानेवारी २००५

प्रिय बेटा आकिब,

सलाम आणि खूप खूप दुआ.

तुझं कार्ड काल मिळालं. पोस्टमननं ते घरी न टाकता दुकानावर माझ्या हातात दिलं, हे फार बरं झालं. तू लिहिलंस, ‘या वेळच्या पिशवीतली वांगी आपली नव्हती, बाजारची होती. अम्मी बरी आहे ना?’ वाचून मी कार्ड मशीनच्या खणात उपडं ठेवलं आणि कामाला लागलो. थोड्या वेळानं पाहतो तर शाळेच्या एका हाफपँटचे दोन्ही पाय मी एकमेकांना शिवून टाकले होते. उसवत बसलो, पण डोक्यात तुझाच प्रश्न.

त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. पण तुझ्या अम्मीनं माझ्याकडून अल्लाहचं नाव घेऊन वदवून घेतलं आहे की तिच्या तब्येतीचं एक अक्षरही आकिबला कळवायचं नाही. फोन येतो शेजारच्या किराणा दुकानात. तिथून हाक आली की ती भिंत धरत धरत स्वतः जाते, मला उठू देत नाही, आणि तुझ्याशी इतकं हसून बोलते की घडीभर मलाही ते खरं वाटतं. घरामागच्या भाजीच्या सांदवाडीबद्दल मात्र तिनं माझं तोंड बांधलेलं नाही. म्हणून आज सांदवाडीचंच लिहितो. मराठीत लिहितो, कारण उर्दू मला वाचण्यापुरती येते. मनातलं लिहायचं झालं की गावच्या शाळेत गिरवलेली अक्षरंच हाताशी येतात.

तू लहान होतास तेव्हा घरामागं नुसता विटांच्या तुकड्यांचा ढीग होता. तुझ्या अम्मीनं तो एका हिवाळ्यात घमेल्यानं उचलून बाहेर टाकला आणि नाल्याकाठची माती आणून वाफे केले. न्हाणीचं पाणी दांड पाडून वाफ्यांत सोडलं. चुलीची राख वाया जाऊ दिली नाही, आणि माझ्या दुकानातल्या चिंध्याही नाहीत. तिच्या वालाचा मांडव म्हणजे सगळ्या गावाच्या कपड्यांचे काठ. कुणाच्या लग्नाच्या शेरवानीचा तुकडा कुठल्या वेलाला बांधलाय हे ती आजही सांगते. वांगी जास्त निघाली की चिरून छपराच्या कवेलांवर वाळत टाकायची आणि त्या वाळलेल्या फोडींच्या खुला उन्हाळ्यात, भाजी महाग झाली की, डाळीत घालायची. भाताची पेज तिनं कधी फेकली नाही. पालक उकडलेलं पाणीसुद्धा कणकेत जायचं. तुझी बारावीची पुस्तकं वालाच्या मांडवाखालून आली, असं ती शेजारच्या धुरपताबाईला अभिमानानं सांगते. खरंच आहे ते. माझ्या मशीननं घर चाललं, पण तू डी.एड.ला नागपूरला गेलास तो त्या वाफ्यांच्या जोरावर.

यंदा ईदला तू आलास, तेव्हा ती पायांत माझे जुने मोजे घालून बसली होती. ‘अम्मी मेमसाब झाली’ म्हणून तू चिडवलंस आणि ती तुझ्यापेक्षा जास्त हसली. पण मोज्यांचा विषय सांदवाडीचा नाही. तो राहू दे.

तू गेल्यापासून सांदवाडी मी पाहतो. ती खिडकीशी खाट टाकून सांगते आणि मी करतो. वाफ्याचा काठ मी सुतात आणायला जातो, कापड बेतल्यासारखा, आणि रोपं तुडवतो. परवा धुरपताबाई कुंपणावरून बराच वेळ पाहत होती. म्हणाली, “काऊन जी अयूबभाऊ, हे झाड हाय, कुर्ता नाई. रोज माप घेतल्यानं वाढत नाई.” खिडकीतून तुझी अम्मी हसली. मग मी वांग्यांना पाणी घालू लागलो तशी ती धुरपताबाईला म्हणाली, “पाह्य बाई, वांग्याले बादलीभर अन् मले तांब्याभर. त्यापरीस मलेच वाफ्यात बसव.” धुरपताबाई हसायला गेली आणि मधेच थांबली. तिला माहीत आहे. अम्मीला दिवसभरात एकच तांब्या पाणी प्यायचं आहे. तो ती उशाशी ठेवते आणि दुपारपर्यंत त्याला हात लावत नाही, संध्याकाळसाठी राखते. जन्मभर हीच सवय, असेल ते पुरवून पुरवून वापरायचं. मी बादली ओततो तेव्हा ती मातीत मुरणाऱ्या पाण्याकडे पाहते. म्हणून मी आता ती झोपलेली असताना पाणी घालतो.

पालक आणि भेदरे, तुमच्या नागपुरात टमाटर म्हणतात ते, आपल्या घरात आता शिजत नाहीत. दुसरी भाजी असेल ती बारीक चिरून, उकडून, ते पाणी फेकून द्यायचं आणि उरलेला चोथा बिनामिठाचा खायचा. मीही तोच खातो. पहिल्या दिवशी मी उकडलेलं पाणी मोरीत ओतलं तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बिनामिठाचं तिनं बिनतक्रार खाल्लं, पण ते फेकलेलं पाणी तिला सोसलं नाही. तू गेल्या महिन्यात लिहिलंस की पिशवी पूर्वीपेक्षा जड येते, यंदा सांदवाडी छान पिकलेली दिसते. पिकलेली नव्हती रे. घरात खाणारं कुणी उरलं नव्हतं.

दर शुक्रवारी सकाळच्या नागपूर गाडीत कंडक्टरजवळ पिशवी द्यायची, यात खंड पडू द्यायचा नाही, असा तिचा हुकूम आहे. “पिशवी चुकली की पोरगा दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील,” म्हणते. बकरीदला येऊ नको, एका दिवसासाठी एसटीचं भाडं कशाला घालवतोस, असं ती तुला फोनवर म्हणाली ना? तुला तो तिचा नेहमीचा चिक्कूपणा वाटला असेल. तो चिक्कूपणा नव्हता.

डिसेंबर सरता सरता फार थंडी पडली. एका सकाळी पाहिलं तर भेदऱ्यांची पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबत होती. वालावर मावा पडला. तिनं राख टाकायला सांगितली, मी टाकली, आणि मग वरून पाणी मारून सगळी धुऊन काढली. वांगी हातात घेतली की वरून चांगली, आत अळी. जे तिच्या हातांनी पंधरा वर्षं उभं राहिलं ते माझ्या हातांनी दोन महिन्यांत बसलं. मांडवाच्या कोपऱ्यातला एक वेल तेवढा वाचला. त्याच्या शेंगा ती बियाण्यासाठी राखते, त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या शुक्रवारी पिशवीत घालायला काहीच नव्हतं. तिनं खिडकीतून विचारलं, “भरली का पिशवी?” मी “भरली” म्हणालो. मग बाजारात जाऊन वांगी घेतली, मुळे घेतले, घरच्यासारखे चिंधीनं बांधले आणि गाडीत दिले. आपली वांगी काटेरी, देठाला धरलं की टोचतात. ही गुळगुळीत होती. तुझ्या बोटांना कळणारच होतं. तुला कळलं याचं मला बरंही वाटलं आणि भीतीही.

आता दुपार कलल्यावरची असरची नमाज मी मांडवाखालीच पढतो. तिथून तिची खाट दिसते. नमाज पूर्ण होते, पण पुढं दुआला हात उचलले की मी अडतो. काय मागावं तेच ठरत नाही. तिच्यासाठी मागावं, तर बेटा, ते दुसऱ्या कुणाकडून तरी काढून मागितल्यासारखं होतं. रिकामेच हात तोंडावरून फिरवून उठतो.

काल तुझं कार्ड खिशात ठेवून मी मशिदीत हाफिजसाबांकडे गेलो. नाव कुणाचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं की कुणी कसम खाऊन बसलं असेल आणि ती पाळण्यात जिवाचं नुकसान असेल, तर त्यानं काय करावं. ते म्हणाले, मोडण्यात भलं असेल तर मोडावी आणि तिचा कफ्फारा द्यावा. दहा गरिबांना दोन वेळ जेवू घालावं. मेजवानी नको, उष्टंपाष्टंही नको, आपण घरच्यांना जे खाऊ घालतो तसंच. घरी येऊन मी तांदळाचा डबा उघडून पाहिला. दहा माणसांना पुरेल इतका आहे. खाटेवरून ती म्हणाली, “आज काऊन डबा तपासता? मी अजून मरून नाही राह्यली.” मी डब्याचं झाकण लावलं.

आता लिहितो. तू विचारलंस, अम्मी बरी आहे ना. नाही बेटा, बरी नाही. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. डिसेंबरात आम्ही नागपूरला येऊन गेलो. मोठ्या दवाखान्यात तिला मशीनवर घेऊन रक्त धुतलं. डॉक्टर म्हणाले, हे आठवड्यातून दोनदा करावं लागेल, आणि तेही किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. जवळच्या रक्ताच्या माणसानं एक किडनी दिली तर बाई जगेल. मी तिथंच शर्टाच्या बाह्या वर केल्या. माझं रक्त तपासलं तर त्यात साखर निघाली, तीही जुनी, मला पत्ताच नव्हता. माझी चालत नाही. तुझी बहीण रुबीना दोन जिवांची आहे. पुढचं नाव मी घेतलंही नव्हतं, तेवढ्यात तुझ्या अम्मीनं बाहेरच्या बाकावर माझा हात धरून कसम घेतली. म्हणाली, “ज्या अंगाला मी एवढं वाढवलं त्याला माझ्यासाठी चाकू लावू देणार नाही. त्याला कळलं तर तो थांबणार नाही.” येताना तिनं घरून तुझ्यासाठी वालाच्या शेंगा आणल्या होत्या, मनात असेल की लांबून का होईना तुला पाहावं. परतताना गाडी तुझ्या होस्टेलच्या रस्त्यानं गेली. तिनं मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः पदर तोंडावर ओढून पलीकडे बसली. शेंगांची पिशवी मांडीवर होती. ती तशीच घरी आली आणि शुक्रवारी पुन्हा नागपूरला गेली. त्या वेळी शेंगा जरा सुकल्या होत्या असं तू लिहिलं होतंस. त्यांनी तोच रस्ता तीनदा केला होता, बेटा.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. दे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि देऊ नको म्हणायलाही रेटत नाही. मी तिचा नवरा आहे आणि तुझा बाप आहे, आणि माझ्याकडे द्यायला काही नाही. मला फक्त हे सहन होईना की तू तिथं पिशवी उघडून हसावंस आणि इथं ती तांब्याकडे पाहत पडावी. या शुक्रवारी पिशवी येणार नाही. सवयीनं स्टँडवर गेलास, तर ती गाडी परत फिरेल तेव्हा तिच्यातच बसून ये. त्या दिवशी आपल्या अंगणात दहा माणसं जेवायला बसतील. राखून ठेवलेल्या त्या एका वेलाच्या शेंगा मी तोडणार आहे, सगळ्या. पुढच्या वर्षीचं बियाणं राहणार नाही. किती तरी दिवसांनी आपल्या घरात मीठ घातलेली भाजी शिजेल. वास आला की ती उठेल, भिंत धरून दारापर्यंत येईल आणि सवयीनं पंगत मोजेल. दहा मोजून झाले की तिला कळेल मी काय केलं ते. ती माझ्याशी भांडेल की गप्प बसेल, सांगता येत नाही. भांडली तर मी ऐकून घेईन, पण गप्प बसली तर मला एकट्याला ते झेपायचं नाही. संध्याकाळच्या पंगतीपर्यंत तू पोहोचशील. पोहोच.

सगळीकडून हरलेला, पण तुझाच,
अब्बा