सुरी अजून कच्ची आहे

अगं,

धाकटा शिकारीची सुरी उचलून रानडुकराच्या मागे गेलाय, एकटाच. मी त्याला गाठायला धावतोय. ती सुरी कच्ची आहे! पातं तापवून तेलात विझवलं, पण मंद आचेवर पुन्हा तापवून त्याचा ताठा उतरवायचा राहिलाय. हाडावर आदळलं की काचेसारखं तुटेल आणि हा रिकाम्या मुठीनिशी जनावरासमोर उभा राहील.

मूठ नुसती मापाला बसवून मी घासत होतो. त्याने दारातूनच विचारलं, "दादा, झाली का?" मान वर न करता मी म्हणालो, "झाली." मी मुठीचं बोलत होतो गं! पाणी पिऊन येतो तर टेबल रिकामं.

त्याचा फोन इथेच उशाखाली वाजतोय. मी ओढ्याकडून जातोय. तो दुसऱ्या वाटेने घरी आला तर मला लगेच कळव, आणि त्याला ओरडू नकोस.

मागच्या खोलीतली भट्टी आधी बंद कर, तशीच सोडून निघालोय.

आईला सांग, दोघं लोखंड आणायला गेलेत. बाबांना असंच रानातून उचलून आणलं होतं. त्याला घेतल्याशिवाय मी तिच्यासमोर येणार नाही.