माडीवरचे दोघांचे मेज

मी, मधुसूदन विष्णू खरशीकर, वय सत्तरीपलीकडे, धंदा पूर्वी रहिमतपुरास शाळामास्तर, हल्ली खिडकीत बसणे, राहणार शनिवार पेठ, सातारा, पूर्ण शुद्धीवर असून, कोणी मागे उभा राहून लिहवीत नसताना, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. गुडघे गेल्यामुळे जिना उतरून मला दोन पावसाळे झाले. डोके मात्र शाबूत आहे. भुजंगप्रयात अजून कुठे अडत नाही.

१. हे घर माझे नाही. थोरले बंधू कै. हरी यांच्याशी वाटणी झाली तेव्हा मी माझा हिस्सा रोख घेतला आणि तो माझी मुलगी चि. चारुशीला हिच्या लग्नात गेला. घर हरीचे, आता त्याचा मुलगा चि. गंगाधर याचे. तक्रार नाही. मात्र वाटणीपत्रात हरीने हसत हसत एक कलम घातले होते: ‘मधूचे मेज माडीत आहे तोवर माडी मेजाच्या मालकाची.’ ते का घातले, हे सांगितले पाहिजे.

२. सदरहू मेज सागवानी, उतरत्या फळीचे, मांडी घालून लिहिण्याचे, दोघे शेजारी बसतील एवढे लांबरुंद. दोन दौतींना दोन खळगे. माझी पत्नी कै. उमा हिला लिहायला शिकायचे होते आणि खाली वडीलधाऱ्यांत तिला संकोच वाटे. म्हणून माडीवर, म्हणून दोघांचे. ते मी माझ्या हातांनी केले. रंधा धरायला जोतिबा सुताराने शिकवले. खिळा एकही नाही. श्लोक म्हणत मी रंधा मारीत असे. भुजंगप्रयातात रंधा सरळ जातो. आर्या म्हटली की हात चुकतो. काम संपले तेव्हा जोतिबाने मेजाभोवती एक फेरी मारली.

“मास्तर, मेज झाक झालंया. पर जिन्याचं माप कवा घेतलं?”

घेतलेच नव्हते. फळ्या एकेक करून वर आल्या होत्या. उभे राहिलेले मेज दारातून निघेना. पेठ हसली. हरीला तर जेवताना ठसका लागला. उमा तेवढी म्हणाली, “बरं झालं. आता आपल्याला इथून कोणी उठवणार नाही.”

३. उमेच्या खळग्यापाशी पुढे चारुशीला बसली व शिकली. तिला सांगलीस दिली. तिथे चुलीपासून मागील दारापर्यंत एवढाच तिचा मुलूख, आणि नवरा वारल्यावर तर तोही मोजून. ती परत आली. इथेही दिवसभर ती खालच्या कामात असते. दुपारी सगळे निजले की वर येऊन, मास्तरीण होण्यासाठी, फायनल परीक्षेचा अभ्यास करते. गेल्या महिन्यात गंगाधर करवतवाल्यास घेऊन वर आला.

“काका, रेशनिंगच्या कचेरीतला कारकून माडी भाड्यानं मागतोय. मेज कापून खाली नेऊ. चारूला न्यायला सांगलीची माणसं तयार आहेत.”

“आणि मला?”

“तुम्ही आहात तोवर कोण काय म्हणतंय?”

चारुशीला जिन्यात उभी होती. ती वर आली, माझी दौत भरली आणि खाली गेली. मी नसल्यावर तिचे काय, या एका गोष्टीसाठी हा कागद आहे.

४. सबब सदरहू मेज मी चारुशीलेस देतो. हरीच्या कलमाप्रमाणे माडी आणि जिन्यावरची जा-ये मेजाबरोबर तिची. कोणी मेजास करवत लावली वा ते मोडले, तरी ते माडीत धडधाकट उभे आहे असेच समजावे. अंमलबजावणी माझे शेजारी हवालदार नाथाजी निकम यांच्याकडे. ते म्हणाले आहेत, “तुमी निवांत ऱ्हावा. करवत घिऊन कोण आलं तर खाली मी हाय.”

५. रंधा, पटाश्या व गुण्या जोतिबास.

मराठी पहिली ते सहावीची माझी क्रमिक पुस्तके गंगाधरास. लहानपणी याच मेजाशी माझ्या मांडीवर बसून तो कविता म्हणे. चाल कधी चुकला नाही. तो वाईट नाही. घरात माणसे फार आणि खोल्या कमी. पुस्तके एकदा मोठ्याने वाचावीत.

‘चाली फार, गणित कमी’ असा माझ्या वर्गावर शेरा मारणाऱ्या तपासनिसांस मी क्षमा केलेली नाही. ते वारले असल्यास हे वाक्य रद्द.

६. मला जिन्यावरून उतरवणे जड जाणार नाही. मेजापेक्षा मी पुष्कळ अरुंद आहे.

७. मेज निघत नाही असे सगळे धरून चालतात. ते निघते. एक पाचर ओढली की सांधे ठरलेल्या क्रमाने सुटतात. क्रम चुकला तर लाकूड फाटते. जोतिबाने ते त्याच दिवशी सांगितले होते. उमेच्या शब्दाखातर मी पाचर ओढली नाही, आणि मेजाच्या निमित्ताने बघता बघता मीच आत राहिलो. चारुशीलेने तसे राहू नये. तो क्रम मी एका श्लोकात बांधून तिच्याकडून पाठ करून घेतला आहे. लिहिलेला कुठेही नाही. उद्या ती परीक्षा उतरली, पाचगणीस वा आणखी कुठे तिला शाळा मिळाली, की पाचर ती स्वतः ओढील, आणि मेज आले तसे एकेक फळी करून खाली जाईल. त्या दिवसापासून माडी गंगाधरची. तोवर तिला कोणी उठवू नये. आणि त्या दिवशी जिन्यात उभे राहून कुठे चाललीस म्हणून विचारू नये. फळीचे दुसरे टोक धरावे.

उमेच्या खळग्यातल्या शाईने सही केली.

मधुसूदन विष्णू खरशीकर

आम्हा दोघांदेखत मास्तरांनी वाचून दाखवून सही केली:
नाथाजी कृष्णा निकम, निवृत्त हवालदार
हंबीरराव सयाजी पिसाळ

मुक्काम सातारा, माडीवर
ता. ९ फेब्रुवारी १९४४