निळ्याची तांबडी

रविवार, ३ मे १९६४

कबुतरांच्या शर्यतीत माझा निळा पहिला! ऑर्लेआँहून सरळ आला. घिरटी नाही, छपरावर रेंगाळणं नाही — पंख मिटून थेट ढाबळीत, त्याच्या मादीकडे, तांबडीकडे. पायातली रबरी कडी काढून वेळ नोंदवायच्या घड्याळात टाकली. आठवडाभर नराला मादीपासून तोडायचं, शर्यतीला न्यायच्या आधी घटकाभर ती दाखवायची, की फ्रान्समधून जीव टाकून घरी येतो. आमच्याकडे अशा नरांना विधुर म्हणतात.

कॅफेत माझा दोस्त कमिल ओरडला, "अरे, ओदिलच्या घरात दोन विधुर! एक उडतो आणि एक उकडलेले बटाटे गिळतो!" सगळे हसले. मीही हसलो. माझी बायको झुल्मा ईस्टरनंतर समुद्रकाठी ऑस्टेंडला गेलीय, एल्वीराच्या पाहुणेघरात मदतीला. शाळेपासूनची मैत्रीण तिची. एका मोसमापुरतं तर जायचं होतं! यात विधुर कसला?

मंगळवार, ५ मे

मी मुद्दाम तिच्याकडे जात नाही. पत्रही टाकत नाही. जन्म ढाबळीत गेला माझा, ओढ कशी लावायची ते मला कुणी शिकवू नये. जरा वाट बघू दे. आपसूक येईल.

शुक्रवार, ८ मे

तिचा एप्रन दारामागे तसाच आहे. आज त्यात तोंड खुपसलं. कांद्याचा वास. लाज वाटली — पण बघायला होतं कोण!

शनिवार, १६ मे

ढाबळीत माद्यांच्या खोलीत घरट्याच्या एकाच परळात चार अंडी! मादी घालते दोन. कपाळाला हात लावला. तांबडी वर बसलेली, शेजारी ठिपकी राखणीला. तिथंच बादली पालथी घालून बसलो आणि नीट पाहिलं. ठिपकी नरासारखी गळा फुगवून घुमते, गोल गोल फिरते. चोचीत चोच घालतात. मग तांबडी खाली दबते आणि ठिपकी वर चढते. दोघींनी दोन-दोन घातलेली. सगळी फोल. आणि जपतात किती! एक उठली की दुसरी लगेच बसते. मी असं ऐकून होतो, माझ्या ढाबळीत कधी झालं नव्हतं.

कमिलला दाखवलं. म्हणाला, "नर दिसेना की माद्या आपापसात जमतात. तुला काय वाटलं, पत्ते खेळत बसतील? तोड ती जोडी. नाहीतर एकीला रश्श्यात घाल." रश्श्यात घालवेना. ठिपकीला फळीपलीकडे टाकलं.

रविवार, १७ मे

निळा पुन्हा पहिला! काय आला! शेपूट जमिनीला घासत तांबडीपुढे घुमायला लागला. तिनं त्याच्या डोक्यात टोच मारली आणि जाऊन फळीला चिकटून उभी राहिली. पलीकडून ठिपकी घुमत होती.

निळा तरी घुमतच राहिला, बराच वेळ. मग कोपऱ्यात जाऊन बसला. मी बक्षीस आणायला गेलो नाही. चीड आली होती, पण कुणाची ते सांगता येणार नाही.

बुधवार, २० मे

झुल्मा हवी होती आज. बाकी काही नाही.

रविवार, ३१ मे

सकाळी रेडिओवर सांगितलं — ऑर्लेआँवर ढग, कबुतरं थांबवलीत. नंतर सोडली. कमिल आणि मी अंगणात माना वर करून बसलो. निळा आला, सगळ्यांच्या आधी आला — आणि छपराच्या कण्यावर बसला. आत येईना, आणि आत आल्याशिवाय कडी काढता येत नाही! दाण्यांचा डबा वाजवला, शीळ घातली, लाडीगोडी केली. ढिम्म! इतरांचे पक्षी आमच्या डोक्यावरून घरी गेले.

"त्याला कळलंय रे, आत कुणी वाट बघत नाही त्याची," कमिल हसत म्हणाला. मग टोपी काढून हातात फिरवत बसला. म्हणाला, "ओदिल, एकदा ऑस्टेंडला जाऊन ये. अख्ख्या गावाला माहितीय."

"काय माहितीय?"

"जाऊन ये, बाबा."

गुरुवार, ४ जून

गेलो. शर्टाला इस्त्री मीच केली, तीही धड नाही. त्या दोघी स्वैपाकघरात कोळंबी सोलत बसल्या होत्या. झुल्मा गुणगुणत होती! आमच्या घरात तिला कधी गुणगुणताना ऐकलं नाही. एल्वीरानं एक कोळंबी सोलून तिच्या तोंडात घातली, तिनं न बघताच खाल्ली. मग मी दिसलो.

"बस ना, ओदिल. कॉफी घेणार?" पाहुण्याला विचारतात तसं.

एल्वीरा उठून बाहेर गेली. मी विचारलं, "मोसम संपला की येशील ना?"

"नाही यायची." हात थांबले नाहीत तिचे. "आधी फार वाट बघितली रे तुझी. रविवारी तुझी शर्यत असते, ठाऊक होतं, तरी खिडकीशी बसायची. तेव्हा आला असतास, तर तुझ्याबरोबर निघालेही असते. मग एक दिवस एल्वीरा म्हणाली, ऊठ, समुद्रावर जाऊ."

"मी मुद्दाम येत नव्हतो," म्हटलं. "तुला ओढ लागावी म्हणून."

तिनं हातातली कोळंबी खाली ठेवली. "मी काय तुझं कबूतर आहे, ओदिल?" रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरून आले होते. स्टेशनपर्यंत सोडायला आल्या — दोघीही.

शनिवार, ६ जून

फळी काढली. ठिपकी थेट तांबडीच्या परळात जाऊन बसली. मग सगळ्या नरांना त्यांच्या माद्या देऊन टाकल्या, निळ्याला एक तरणी राखाडी. भर मोसमात! कमिल शर्यतीच्या कबुतरांच्या टोपल्या न्यायला आला तो बघतच राहिला. "अरे, उद्या बूर्जची शर्यत! वेड लागलं का?" लागलं असेल.

ढाबळीत आता कुणीच कुणाची वाट बघत नाही. घरात मी बघतो.