बिया मोजणारीचा राजीनामा

२ सप्टेंबर, सोमवार

दिला राजीनामा! चार ओळींसाठी तीन कागद फाडले. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या आमच्या मोठ्या बाईंनी वाचला, चष्मा पुसून परत वाचला. "एकही चूक नाही. कोणाकडून लिहून घेतलास?" म्हटलं, "बाई, अकरा वर्षं तुमच्या चुका सुधारतेय, एवढं येणारच की." हसल्या. मग खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या त्या उभ्याच.

महिनाभर नोटीस. मग विद्यापीठ — दिवसभराच्या प्रवासावर! दोन वर्षं, बियाण्यांचं शास्त्र. त्रेचाळिसाव्या वर्षी. वर्गातली पोरं मला मास्तरीण समजून उठून उभी राहणार. मी पण लगेच नाही सांगायची त्यांना.

३ सप्टेंबर

सासूबाईंना अजून बोलले नाही. आज बोलणार होते. त्यांना उचकी लागली. म्हटलं, उद्या.

६ सप्टेंबर

बोलले एकदाचं. लसूण सोलत होत्या. "किती दिवस?" "दोन वर्षं." "आणि मी?"

उत्तर तयार होतं — वन्संकडे. वन्सं कधीपासून म्हणतायत, आईला माझ्याकडे धाडा. तर म्हणतात, "लेकीच्या घरी चार दिवस पाहुणी, पाचव्या दिवशी अडगळ. मी नाही जायची पाहुणी व्हायला. इथंच राहीन, माझं मी बघेन."

काय बघतील? बादली उचलत नाही. मागे न्हाणीत घसरल्या तर मी येईपर्यंत तिथंच बसून होत्या, वर मलाच म्हणाल्या, "हवा खात बसलेय." त्या इथं एकट्या राहणार असतील तर मी जायची नाही. हे त्यांनाही ठाऊक, मलाही.

९ सप्टेंबर, सोमवार

माझ्या जागी येणारी मुलगी आली. हुशार आहे, पण घाई फार. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कोंब किती आले ते मोजायचं — हेच आमचं काम. तिने बुरशी धरलेल्या सगळ्या 'मेल्या' म्हणून लिहून टाकल्या. म्हटलं, "बयो, थांब जरा! पुसून घे, नव्या कागदावर ठेव, दोन दिवस वाट बघ. इतक्या लवकर तर डॉक्टरसुद्धा कोणाला मेला म्हणत नाही."

माझे पहिले दिवस आठवले. हे गेले, त्यांच्या जागी मला घेतलं. गावच्या शाळेतली दहावी, चिमटा धरता येईना. रडत रडत बिया मांडायची. मोठ्या बाई ओरडल्या, "रडायचं तर बाहेर जा, बियांना मीठ लागतंय!" गेले बाहेर. पाचच मिनिटांत स्वतः येऊन पायरीवर शेजारी बसल्या. पुढे पदवीचा फॉर्म त्यांनीच आणला, घरबसल्या करायची म्हणून. नको म्हटलं तर म्हणाल्या, "सही कर, नाहीतर पगारपत्रक तुझ्याकडून लिहून घेईन." अशी माणसं मिळाली मला. कशी फेडू!

१३ सप्टेंबर

जिन्यात शेजारीण. "म्हातारीला टाकून शिकायला निघालीस म्हणे?" म्हटलं, "हो ना, तुम्हीही चला. वर्गात दाखवायला एक तण हवंच आहे."

बोलून गेले, पण लागलं ते लागलंच. सासूबाई दारात उभ्या, सगळं ऐकलं. एरवी शेजारणीला पुरून उरतील. आज नुसत्या आत वळल्या.

१४ सप्टेंबर

मोठ्या बाईंना विचारलं — राजीनामा मागे घ्यायचा झाला तर? "तीस तारखेपर्यंत घेता येतो," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि घेतलास तर मला तोंड दाखवू नकोस."

१८ सप्टेंबर

सासूबाई बोलत नाहीत. भाजीत मीठ मात्र बरोबर पडतंय. म्हणजे राग नाही. मग काय शिजतंय?

२३ सप्टेंबर

आज आपणहून म्हणाल्या, "ते विद्यापीठाचं पत्र वाच." वाचलं. "परत वाच." परत वाचलं. "कुठं पळून तर नाही ना जात कोणाबरोबर?" म्हटलं, "शोधतेय, तुमच्यासाठी पण एक बघू का?" पाठीत धपाटा! बरं वाटलं.

पदवीच्या परीक्षेला सासूबाईंनीच अभ्यास घेतला माझा. अक्षर एक वाचता येत नाही. पुस्तक मांडीवर, तेही उलटं, आणि मी पाठ म्हणून दाखवायची. जरा थांबले की पकडायच्या — "अडलीस! येत नाही तुला. पहिल्यापासून म्हण." तीन वर्षं. सख्ख्या आईने केलं नसतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ठरलं. सोमवारी राजीनामा मागे घेते. अर्ज लिहून ठेवलाय. मोठ्या बाईंना तोंड नाही दाखवणार, पाठमोरी देईन.

वाईट वाटतंय, खोटं कशाला लिहू. पण पत्र आलं, माझ्या नावाने आलं! तेवढं कोणी काढून घेत नाही. आणि जिने पुस्तक उलटं धरून मला शिकवलं तिला मी न्हाणीत एकटी घसरू देऊ? नाही जमायचं.

सासूबाईंना सांगितलं. "बरं," म्हणाल्या. एवढंच. जरा तरी हळहळायचं!

२९ सप्टेंबर, रविवार

बाजारातून आले तर दाराला कुलूप! किल्ली शेजारणीकडे. तिचा चेहरा असा, जसं तिचंच काही चोरीला गेलंय. म्हणाली, "तुझी नणंद गाडी घेऊन आली होती. म्हातारी जिन्यात मधोमध उभी राहिली, चारी दारं उघडेपर्यंत हाका मारल्या. आणि म्हणते कशी — ऐका गं सगळ्या, मी सुनेला टाकून चालले! दोन वर्षं लेकीकडे पाहुणी म्हणून राहणार. सून बिचारी एकटी पडली, तिला कोणी बोल लावायचा नाही!"