पोपटांचा पडदा आणि रविवारची रेंज

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला या गाडीत लांबी पुरत नाही (डोकं बेसिनला लागतं आणि पाय गॅसच्या टाकीला), तेव्हा बसल्या जागेवरून, गुडघे पोटाशी घेऊन वाकता येईल तेवढा नमस्कार. दाजींचा खोकला कसा आहे? तुझी पाठ? आईची भूक? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वर टॉवर बघून बघून माझी मान एका बाजूला धरली आहे, अँटेनाचा बांबू धरून धरून हिचा उजवा खांदा भरून आला आहे आणि गाडीचं डावं चाक हवा धरत नाही. बाकी सगळं ठीक.

हे फोनवर का नाही बोलत, असं विचारशील. तू फोन कायम स्पीकरवर ठेवतेस आणि आई कायम फोनच्या शेजारी बसलेली असते, आणि मला जे लिहायचंय ते तिच्या कानावर जाऊन चालणार नाही. शिवाय फोनला रेंज लागते, पत्राला नुसतं तिकीट. पोस्टाची पेटी काल जिथे होती तिथेच आज असते, ढग आले म्हणून ती कुठे जात नाही. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला हे लिहावं लागतंय, यावरून काय ते समज.

गेल्या आठवड्यात तू मला जे झापलंस, ते सगळं मान्य. कालच्या आधीच्या रविवारी आईशी बोलता बोलता चित्र थिजलं, आणि थिजलं तेही नेमकं मी जांभई द्यायला तोंड उघडल्यावर, एक डोळा अर्धा मिटलेला असताना. मी इकडे ‘हॅलो, हॅलो’ करत गाडीभोवती पळत होतो आणि तिकडे आई त्या वाकड्या तोंडाकडे बघत बसली होती. तिला वाटलं, मला झटका आला. तू घाबरून डॉक्टरांना फोन केलास, ते म्हणाले पेशंट कुठे आहे, तू म्हणालीस मोबाइलमध्ये. (डॉक्टरांची माझ्या वतीने माफी माग.) आई त्या दिवशी जेवली नाही हे तू सांगितलंस तेव्हा माझ्याही घशाखाली घास उतरेना. मग तू निर्वाणीचं बोललीस, की आणखी एक रविवार असा गेला तर मी आईला सगळं खरं सांगून टाकीन, आणि तू तो खटारा विकून मुकाट्याने घरी यायचंस. योग्यच आहे. फक्त एवढंच नम्रपणे लिहितो की तिला न सांगण्याची कल्पना मुळात तुझी होती. या वयात पोरगा घराला कुलूप लावून चाकांवर राहतोय हे कळलं तर तिला झोप लागायची नाही, हे तुझेच शब्द. मी फक्त पडदा बरोबर घेतला.

पडदा म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीतला, आईने स्वतः शिवलेला पोपटांचा. बोलताना तो मागे दिसला की आपण घरीच आहोत, एवढी साधी योजना. आता घरी त्याला जाड सळई होती, इथे खिडकीवर नुसती बारीक तार आहे. वरच्या रुंद दुमडीत ती तार काही केल्या ठरेना, आणि पडदा झोळीसारखा लोंबायचा. हिने डोकं चालवलं आणि त्याची खालची अरुंद दुमड तारेत ओवली. चपखल बसला. त्या दिवशी आम्हाला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

तर नेटचं म्हणशील, तर निघताना सिमवाल्याने मला एक नकाशा दाखवला होता. सगळाच्या सगळा गुलाबी. म्हणाला, काका, जिथे गुलाबी तिथे नेट. त्या नकाशात कुठेतरी रंगाचा एक टवका उडालेला असणार, कारण मी कुठेही गेलो तरी नेमका त्या टवक्यावरच उभा असतो. मग दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं. पहिलं चालतं तिथे दुसरं झोपतं, दुसरं जागं होतं तिथे पहिलं मान टाकतं. मग तिसरं घेतलं. ते बहुधा या दोघांवर देखरेख करायला असावं, स्वतः हातपाय हलवत नाही. ग्राहक सेवेतली बाई (मशीन नव्हे, खरी बाई, तिच्यापर्यंत पोचायला मी अख्खी सकाळ आकडे दाबत होतो) इतक्या गोड आवाजात ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो’ म्हणाली की मला गहिवरून आलं. अगं, मी तक्रार विभागातून निवृत्त झालो. हा सूर मी ओळखतो. हा सूर लागला की त्या तक्रारीचं पुढे काही होत नसतं.

आणि बघण्यासारखं जिथे काही असेल तिथे रेंज नाही, हे लिहून ठेव. तळ्याकाठी एक काडी, तीही मधूनच विझते. डोंगरात तेवढीही नाही. पण गोदामांच्या पिछाडीला, ट्रकच्या तळावर, कचरा डेपोच्या कुंपणाला खेटून गाडी लावावी तर भरभरून रेंज! त्यामुळे शनिवार आला की आम्ही चांगलं तळं सोडून कचरा डेपो गाठतो, कारण रविवारी आईला फोन लागलाच पाहिजे. ही म्हणते, निसर्ग बघायला निघालो होतो, टॉवर बघून परत जाणार. तिला आता लांबून टॉवर कोणत्या कंपनीचा ते सांगता येतं. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी तिला दाखवलेली ही पहिली नवीन गोष्ट, असंही ती म्हणते.

गाडी पत्र्याची, त्यामुळे बाहेर रेंज आली तरी आत येत नाही, पाहुण्यासारखी दाराशीच घुटमळते. म्हणून मी राउटर घेतला आणि खिडकीबाहेर टांगला. दुसऱ्याच दिवशी पावसाची चिन्हं दिसली. हिचा स्वभाव तुला ठाऊकच आहे, वस्तू कोणतीही असो, ती घट्ट झाकणाच्या डब्यात गेली म्हणजे सुरक्षित. तिने राउटर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातला, वायरीपुरतं भोक पाडलं, झाकण दाबून लावलं आणि डबा बाहेर टांगला. राउटर कोरडा ठणठणीत राहिला. नेट पार गेलं. आम्ही तिन्ही कंपन्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, बांबू चढवला, बांबू उतरवला, गाडी पूर्वेला तोंड करून लावली, मग पश्चिमेला. शेवटी मी भुकेजून बिस्किटांसाठी तो डबा काढला (मी विसरलो होतो, आणि भूक लागल्यावर मी डबा बघतो, तो कुठे टांगलाय ते नाही) आणि झाकण उघडताच आतून नेट बाहेर पडलं. दोघांचे फोन टिंगटिंग वाजायला लागले, त्यात तुझे निरोप होते, एकाहून एक चढ्या आवाजातले. हिने आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि चहा टाकला.

तुझी ती दुसरी शंकाही इथेच फेडतो. चित्र थिजलं त्याच्याही आधीच्या कुठल्याशा रविवारी माझ्यामागून उघड्या अंगाने जाणारा माणूस कोण होता? तो कॅम्पवरचा एक गृहस्थ. तिथे ‘मोफत वायफाय’ अशी मोठी पाटी होती, पण ते वायफाय फक्त न्हाणीघरांच्या ओळीसमोर, कपडे धुवायच्या मशीनच्या बाजूला चालायचं. कॅम्पवरची सगळी मंडळी तिथे उपड्या बादल्यांवर बसून आपापल्या लेकरांशी बोलत असायची. मीही एक बादली धरली, मागे दोरीवर पोपटांचा पडदा टाकला, आणि आईशी चांगलं जमून आलं असताना हे गृहस्थ टॉवेल गुंडाळून, हातात साबण घेऊन पोपटांच्या मागून निघाले. आईने विचारलं, कोण रे? मी म्हणालो, प्लंबर. ती म्हणाली, टॉवेलवर? मी म्हणालो, भिजतो ना बिचारा. यावर ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं नेट गेलं.

ताई, खरं सांगतो, थकलो गं. सोमवारपासून शनिवारपर्यंत मी रविवारचीच काळजी करतो. हिने अजून एकदाही मला बोल लावलेला नाही, त्याचा त्रास वेगळाच. पण कालच्या रविवारी देवाला दया आली. एका सिमेंटच्या गोदामामागे शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर गाडी लावली, बांबूवर अँटेना, राउटर डब्याबाहेर, दोन सिम एकदम जागी. आणि काय चित्र आलं! तूच म्हणालीस, तुझ्या कानावरचे पांढरे केससुद्धा मोजून घ्यावेत. एकदाही अडकलं नाही, मधे दारावर कुणी आलं म्हणून तू उठून गेलीस तेव्हाही नाही. माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा नेटचा प्रश्न आता सुटला आहे असं समज, आणि आईला काही सांगायची घाई करू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा,
टॉवरच्या सावलीत राहणारा धाकटा भाऊ

ता. क. नेटचा प्रश्न सुटला आहे असं वर लिहिलंय ते या शेतापुरतं. शेताचा मालक आत्ताच येऊन गेला. त्याला इथे नांगर घालायचाय.

आणखी एक ता. क. हे खरं तर पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, पण धीर होत नव्हता. काल तू दार उघडायला गेलीस तेव्हा आई फोनच्या अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली, “पोपट उलटे टांगलेत.” मी म्हणालो, अं? “पहिल्या रविवारपासून बघतेय. शेपट्या वर, चोची खाली. मी शिवलाय तो पडदा, मला कळणार नाही?” मी काहीतरी धुवायला काढला होता वगैरे सुरू केलं, तर म्हणाली, “राहू दे. तिसऱ्या मजल्यावरच्या घरामागून ट्रक जातात होय रे?” मी गाडीचं सगळं कबूल करून टाकलं. मग आधी का नाही बोललीस, म्हणून विचारलं. म्हणाली, “तुम्ही दोघं नवराबायको इतकं मनापासून करत होतात, मला मोडवेना. पण आज तुझं तोंड नीट दिसलं. फार दमलायस.” ताई, तेवढ्यात मला नेट जायला हवं होतं. गेलं नाही. मग तिने विचारलं, “त्या गाडीत माझ्यापुरती जागा आहे का? नोकरीच्या गावाबाहेर तुझ्या वडिलांनी मला कधी नेलंच नाही.” तू परत आलीस तेव्हा ती मला गॅस बंद करून झोपत जा म्हणून सांगत होती, आठवतंय? विषय बदलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

जागा आहे. जेवायचं टेबल खाली घेतलं की एक माणूस व्यवस्थित झोपतो. तर विनंती अशी, की आई या आठवड्यात तुला म्हणेल, हवापालट म्हणून धाकट्याच्या घरी जाऊन येते. तू लगेच हो म्हणू नकोस, तिला संशय येईल. नेहमीसारखी कुरकुर कर आणि मग हो म्हण. गाडीचं तुला कळता कामा नये, अशी तिची सक्त ताकीद आहे. तू काळजीने झुरशील म्हणते. आणि तुला कंटाळली म्हणून येतेय असं मनातही आणू नकोस. ती म्हणाली, “तिने मला इतकं जपलंय की कुठे जाऊ का, असं विचारायचीही चोरी वाटते.” तेव्हा तू हे पत्र वाचलेलंच नाहीस. गाडी आम्ही तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, बेकरीच्या मागे लावू. तू फक्त दारापर्यंत सोडायला ये, त्याच्या पुढे येऊ नकोस. तिचं गुडघ्याचं तेल आणि उशी तेवढी दे.

अगदी शेवटचं. दर रविवारी आई आमच्या ‘घरातून’ तुझ्याशी बोलेल, त्यामुळे नेट लागणार ते लागणारच, माझी सुटका नाही. मागे पडदा असेलच. मी तो सुलटा करायला निघालो होतो, पण आईने बजावलंय की आता हात लावू नकोस, उलटेच राहू दे. ताईला ते तसेच बघायची सवय झालीय, एकदम सरळ दिसले तर तिला शंका येईल.